घणाचे घाव आणि धातूचे कण

लोहाराच्या घणाखाली लोखंडाचा आकार बदलतो, तसे त्याचे अंतरंगही बदलते. धातू वरून एकसंध दिसला, तरी तो असंख्य सूक्ष्म स्फटिककणांचा बनलेला असतो. प्रत्येक कणात अणूंच्या रांगा शिस्तीने मांडलेल्या असतात आणि त्या एकमेकींवरून घसरतात म्हणूनच धातू वाकतो. शेजारच्या कणात रांगांची दिशा निराळी असल्याने ही घसरण कणाच्या सीमेशी अडते. साहजिकच कण जितके बारीक, तितका धातू बळकट. १९५१ साली हॉल आणि १९५३ साली पेच यांनी इंग्लंडमध्ये पोलादावर केलेल्या प्रयोगांतून या संबंधाला गणिती रूप दिले.

परंतु एक अडचण होती. कण फार बारीक करायचे, तर धातूला फार ठोकावे लागते. आणि ठोकता ठोकता त्याचा पत्रा होतो! आकार न बिघडवता धातूला अंतर्यामी मळावे कसे?

या प्रश्नाचे उत्तर एका अर्थी आधीच मिळालेले होते. हार्वर्ड विद्यापीठाच्या पर्सी ब्रिजमन यांनी १९३५ साली धातूची पातळ चकती दोन ऐरणींमध्ये प्रचंड दाबाखाली धरून पिळण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. दाबामुळे चकती फुटत नसे आणि हवी तितकी पिळता येई. उच्च दाबावरील संशोधनासाठी त्यांना १९४६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण धातूचे बळ वाढविणे हा त्यांचा हेतू नव्हता.

पुढे १९७० नंतरच्या दशकात मिन्स्क येथे व्लादिमीर सेगल यांनी धातूची कांडी कोनात वळलेल्या नळीतून दाबून काढली. नळीची रुंदी दोन्हीकडे सारखीच. म्हणून कांडी बाहेर येई ती पूर्वीइतकीच जाड, आणि पुन्हा आत घालता येई. १९८० नंतरच्या दशकाअखेर रशियातील ऊफा येथे रुस्लान वालियेव व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, अशा धातूतील कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान होतात.

या बळाला मोल द्यावे लागते. असा धातू सहसा कमी ताणला जातो आणि फार तापविल्यास त्याचे कण पुन्हा वाढतात. तथापि शुद्ध टायटेनियम या रीतीने इतके बळकट होते की, ॲल्युमिनियम व व्हॅनेडियम न मिसळताही त्याचे दंतरोपण जबड्यात बसविता येते. ब्रिजमन यांच्या चकतीपासून दंतवैद्याच्या हातापर्यंतचा हा प्रवास अर्धशतकाहून अधिक काळाचा आहे.