शीतशलाका ते विद्युत्-उद्दीपक : कंपवाताच्या शस्त्रक्रियेतील एक उपेक्षित दुवा

वैद्यकीय उपकरणांच्या इतिहासात शीतोपचार आणि मज्जासंस्थेचे विद्युत्-नियमन या शाखांचा विचार बहुधा स्वतंत्रपणे केला जातो. कंपवाताच्या शस्त्रक्रियेत मात्र दोन्हींसमोर एकच प्रश्न उभा होता. मेंदूतील एखादा भाग कायमचा निकामी करण्यापूर्वी त्याचा परिणाम आजमावता येईल काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

१९५२ मध्ये अमेरिकन मेंदूशल्यविशारद आयर्विंग कूपर यांच्या हातून कंपवाताच्या एका रुग्णाची शस्त्रक्रिया चालू असताना रक्तवाहिनी फाटली. ती बांधून त्यांनी शस्त्रक्रिया तेथेच थांबविली. रुग्ण शुद्धीवर आला तेव्हा त्याचा कंप नाहीसा झालेला होता. या अपघातावरून कूपर मेंदूच्या अंतर्भागातील केंद्रांकडे वळले व तेथे अल्कोहोल टोचून ती केंद्रे नष्ट करू लागले. पण अल्कोहोल कोठवर पसरेल यावर नियंत्रण नसे, आणि एकदा टोचलेले परत घेता येत नसे.

१९६१ मध्ये कूपर आणि अर्नोल्ड ली यांनी मांडलेल्या शीतशलाकेचे महत्त्व येथे आहे. एकात एक बसविलेल्या नळ्यांपैकी आतल्या नळीतून द्रव नायट्रोजन टोकापर्यंत जाई, मधल्या पोकळीतून वायू परते आणि बाहेरचे निर्वात आवरण वाटेतील ऊतींचे थंडीपासून रक्षण करी. नायट्रोजनचा उत्कलनबिंदू उणे १९६ अंश सेल्सिअस असला, तरी उपकरणाचे खरे बळ त्या टोकाच्या थंडीत नव्हते. रुग्ण जागा असे. थॅलॅमसमधील नियोजित जागा प्रथम बेताचीच थंड केली जाई, त्यामुळे तेथील पेशींचे कार्य मंदावे, पण पेशी मरत नसत. रुग्णाला हात उचलावयास, बोलावयास सांगितले जाई. कंप थांबला व अशक्तपणा दिसला नाही, तरच तापमान आणखी उतरवून ती जागा गोठविली जाई. विपरीत लक्षण दिसताच शीतन थांबवून ऊती पूर्ववत होऊ दिल्या जात.

कूपर यांना प्रसिद्धीही मोठी लाभली. चरख्याशेजारी बसलेल्या गांधीजींचे १९४६ मधील छायाचित्र टिपणाऱ्या मार्गारेट बर्क-व्हाइट यांच्यावर त्यांनीच, शीतशलाका येण्यापूर्वी, १९५९ मध्ये शस्त्रक्रिया केली आणि 'लाइफ' साप्ताहिकाने ती वाचकांपुढे मांडली. तुलनात्मक चाचण्यांची जागा मात्र अशी प्रसिद्धी घेऊ शकत नाही. कूपर यांच्या कार्यातील ही उणीव दुर्लक्षिण्यासारखी नाही. १९६७ मध्ये कोट्झियास यांनी लेव्होडोपाच्या मोठ्या मात्रेचा गुण दाखविला आणि या शस्त्रक्रिया झपाट्याने मागे पडल्या.

१९७० च्या दशकात कूपर यांनी अपस्मार व मेंदूच्या पक्षाघातासाठी अनुमस्तिष्कावर विद्युत्-उद्दीपक बसविले. पुढे अपस्मारावरील नियंत्रित अभ्यासात त्यांचा अपेक्षित लाभ आढळला नाही. शरीरात बसविण्याच्या अशा उपकरणांना विक्रीपूर्व मंजुरीची अट घालणारा अमेरिकेतील कायदाही १९७६ मध्येच आला, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

१९८५ मध्ये कूपर निवर्तले. त्यानंतर दोनच वर्षांनी फ्रान्समधील ग्रनोबल येथे आलीम-लुई बेनाबिद यांनी थॅलॅमसमध्ये उच्च वारंवारितेचा विद्युत्-प्रवाह सतत देण्याचा उपचार सुरू केला. ऊती नष्ट करण्यापूर्वी जागा तपासण्यासाठी विद्युत्-उद्दीपन शस्त्रक्रियागृहात पूर्वीपासूनच वापरले जात होते. बेनाबिद यांनी त्या तपासणीलाच उपचाराचे रूप दिले. कंपासाठी या पद्धतीस अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली. शीतशलाकेने रुग्णाला काही क्षणांपुरती दिलेली माघारीची वाट उद्दीपकात कायम राहिली. तो बंद केला की कंप परततो, आणि प्रवाहाची तीव्रता शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षांनीही बाहेरून बदलता येते.