बीड जिल्ह्यातील पोलीस व्यवस्था आणि लोकसहभाग : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

पोलीस ठाणे हे शासनसंस्थेचे सामान्य माणसाला सर्वप्रथम दिसणारे रूप होय. महसूल किंवा न्यायालय यांच्याशी त्याचा संबंध प्रसंगपरत्वे येतो. संकटकाळी मात्र त्याला ठाण्याचाच दरवाजा ठोठवावा लागतो. म्हणूनच पोलीस आणि समाज यांच्यातील संबंध हा लोकशाहीच्या अभ्यासाचा महत्त्वाचा विषय ठरतो. प्रस्तुत लेखात बीड जिल्ह्याच्या संदर्भात या संबंधाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. लोकसहभाग या शब्दाचे येथे दोन अर्थ संभवतात. पोलिसांना लोकांनी केलेले सहकार्य हा एक आणि पोलिसांच्या कारभारावर लोकांनी ठेवलेली देखरेख हा दुसरा. जिल्ह्याच्या इतिहासात पहिला अर्थ सातत्याने आढळतो, दुसरा मात्र अपवादानेच.

निजामकालीन व्यवस्था :

बीड जिल्हा हैदराबाद संस्थानाचा भाग होता. पहिले सालारजंग यांच्या कारकिर्दीत १८६५ च्या जिलाबंदीनंतर संस्थानात जिल्हावार प्रशासनाची घडी बसली. पोलीस दलात जिल्ह्याचा प्रमुख मोहतमीम, तर ठाण्याचा प्रमुख अमीन या नावाने ओळखला जाई. गावपातळीवर माली पाटील वसुली पाही आणि पोलीस पाटील बंदोबस्त सांभाळी. ही पदे वंशपरंपरागत होती. पोलीस पाटील गावातलाच असला तरी तो गावाच्या वतीने पोलिसांना जाब विचारणारा नव्हता. गावाची खबर ठाण्यापर्यंत पोहोचविणे हेच त्याचे काम होते.

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईने संस्थानी राजवट संपली. रझाकारांच्या अत्याचारांतून जनतेची सुटका झाली; परंतु त्यानंतरच्या काळात अनेक भागांत मुस्लीम समाजाला हिंसाचार सोसावा लागला. पंतप्रधान नेहरूंनी पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्या वर्षाअखेरीस लोकांच्या साक्षी नोंदविल्या. झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत तिने बीडचाही उल्लेख केला आणि काही ठिकाणच्या लष्कर व पोलिसांच्या वर्तनावरही बोट ठेवले. हा अहवाल शासनाने त्या वेळी प्रसिद्ध केला नाही. तो अभ्यासकांच्या हाती येण्यास अनेक दशके लागली. लोकांनी सुरक्षा यंत्रणेविषयी सांगितलेले ऐकून घेतले गेले, पण लोकांसमोर ठेवले गेले नाही.

महाराष्ट्र राज्यातील वाटचाल :

१९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. पुढे वंशपरंपरागत पाटीलकीचा काळ संपून महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये शासननियुक्त पोलीस पाटील आला. जन्माधिष्ठित अधिकार संपला, ही सुधारणा मोठीच होती. तथापि या पदाची दिशा बदलली नाही. दंडाधिकाऱ्यास गावातील गुन्ह्यांची व शांततेची माहिती देणे आणि पोलिसांना साहाय्य करणे हीच पोलीस पाटलाची प्रमुख कर्तव्ये राहिली.

सणासुदीच्या काळातील शांतता समित्यांबाबतही हेच म्हणता येईल. पोलिसांनी लोकांशी नियमित संवाद ठेवल्यास काय साधते, हे भिवंडीने दाखविले. १९७० व १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या त्या शहरात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या उभारल्या आणि १९९२-९३ च्या भीषण काळात भिवंडी शांत राहिली. परंतु हा प्रयोग कायद्यातून नव्हे, तर एका अधिकाऱ्याच्या पुढाकारातून उभा राहिला होता.

१५ ऑगस्ट २००७ रोजी तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेतून समित्या निवडल्या गेल्या, गावातले तंटे गावातच मिटविण्याचा प्रयत्न झाला आणि यशस्वी गावांना पुरस्कार मिळाले. मात्र या मोहिमेत मूल्यमापन गावाचे होत असे, पोलीस ठाण्याचे नव्हे.

देखरेखीचा प्रश्न :

२२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणांविषयी सात निर्देश दिले. राज्य व जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरण स्थापन करणे हा त्यांपैकी एक होता. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती केली. तिच्यात राज्य प्राधिकरणाखाली जिल्ह्याऐवजी महसुली विभागाचा स्तर स्वीकारण्यात आला. परिणामी आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्याला एकच विभागीय प्राधिकरण आले. आष्टी किंवा परळीच्या शेतमजुराला ठाण्याविरुद्ध दाद मागण्यासाठी जिल्ह्याबाहेर पाहावे लागणे, ही केवळ अंतराची बाब नाही. मजुरी बुडवून आणि ठाण्याचा रोष पत्करून तक्रार करणाऱ्यास यंत्रणा जवळ असणे हाच मोठा आधार असतो.

या उणिवेची तीव्रता ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर प्रकर्षाने जाणवली. स्थानिक पोलिसांच्या भूमिकेवर ग्रामस्थांनी प्रश्न उपस्थित केले. २८ डिसेंबरला बीड शहरात विराट मोर्चा निघाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये मस्साजोगकरांनी अन्नत्याग आंदोलन केले. जिल्हा पोलीस अधीक्षक बदलले, विशेष तपास पथक नेमले गेले, न्यायालयीन चौकशी जाहीर झाली. नवे अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या नामफलकांवरून आडनावे काढण्याचा उपक्रम राबविला. वर्दीला जात नसावी, ही लोकभावना त्यातून मान्य झाली. परंतु या साऱ्या गोष्टी लोकांना रस्त्यावर उतरल्यानंतर मिळाल्या. बसून विचारण्याची जागा त्यांच्याजवळ नव्हती.

समारोप :

बीडचा हा इतिहास लोक उदासीन असल्याचे सांगत नाही. पाटलापासून तंटामुक्ती समितीपर्यंत गावाने पोलिसांना सातत्याने साथ दिली आहे. उणीव आहे ती उलट दिशेने जाणाऱ्या वाटेची. ज्या समाजाकडून खबर अपेक्षिली जाते, त्याला जाब विचारण्याचाही अधिकार असला पाहिजे. जिल्हा पातळीवरील तक्रार प्राधिकरण हा त्याचा किमान आरंभ ठरेल. अशी संस्था उभी राहीपर्यंत मोर्चा हीच लोकांची देखरेख समिती राहील. आणि मोर्चा निघतो तेव्हा बहुधा अनर्थ घडून गेलेला असतो.