चाहत्यांचे मत आणि त्याचे वजन



'मत' आणि 'ज्ञान' यांच्यातला फरक आपल्याला ठाऊक आहे. प्लेटोने मताला खालची पायरी दिली आणि तत्त्वज्ञानाच्या वर्गात ते बिचारे अजून तिथेच उभे आहे. आज त्या पायरीकडे आपण जरा वेगळ्या वाटेने जाऊ. टीव्हीवरच्या विज्ञानकथा, व्हिडिओ गेम, संगणक आणि त्यांच्या चाहत्यांची मतं, हा विषय फलकावर वाचून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. तत्त्वज्ञानाच्या माणसाचं इथे काय काम? आम्ही म्हणतो, काम आहे. ज्याला आपण 'नुसती आवड' म्हणून सोडून देतो, त्या आवडीने गेल्या साठ वर्षांत काही गोष्टी घडवून आणल्या. त्या मताला वजन आलं कुठून, एवढाच आजचा प्रश्न.

सुरुवात अमेरिकेतून करू, कारण ही कहाणी तिथलीच आहे. ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसी वाहिनीवर 'स्टार ट्रेक' ही मालिका सुरू झाली. जीन रॉडेनबेरी हे तिचे कर्ते. प्रेक्षकसंख्येच्या हिशेबात मालिका मागे होती. आता हा हिशेब कसा व्हायचा, तेही बघा. नील्सन ही कंपनी हजार-बाराशे निवडक घरांतल्या संचांवर नोंदी घ्यायची आणि त्यावरून साऱ्या देशाची आवड ठरायची. म्हणजे कोण बघतं हे मोजलं जायचं, पण किती आस्थेने बघतं हे मोजायला काहीच साधन नव्हतं.

१९६७ च्या अखेरीस मालिका बंद होणार अशी कुणकुण लागली. तेव्हा बिजो ट्रिंबल आणि जॉन ट्रिंबल या दांपत्याने पत्रमोहीम उभी केली. चाहत्यांना सूचना गेल्या: पत्र स्वतःच्या शब्दांत लिहा, छापील मजकूर पाठवू नका. यातलं शहाणपण लक्षात घ्या. शंभर सारख्या पत्रांचं मोल एकाच पत्राएवढं, पण शंभर वेगवेगळी पत्रं म्हणजे शंभर माणसं. जानेवारी १९६८ मध्ये कॅलटेकचे विद्यार्थी मशाली घेऊन बरबँकला वाहिनीच्या दारात गेले. वाहिनीच्या स्वतःच्या मोजणीप्रमाणे सुमारे १,१६,००० पत्रं आली. चाहत्यांच्या आख्यायिकेत हाच आकडा दहा लाखांवर जातो! १ मार्च १९६८ रोजी कार्यक्रम संपल्यावर वाहिनीने पडद्यावरूनच सांगितलं की मालिका चालू राहील, आता पत्रं पुरेत.

विजय झाला म्हणायचं का? तिसऱ्या वर्षी पैसे कापले गेले आणि मालिका शुक्रवारी रात्री दहाला ढकलली गेली. जी तरुण मंडळी ती बघायची, ती त्या वेळी घराबाहेर असायची. जून १९६९ मध्ये सगळं संपलं. पण त्या तिसऱ्या वर्षामुळे भाग झाले ७९. स्थानिक केंद्रांना रोज एक याप्रमाणे दाखवायला एवढा साठा पुरेसा होता. पुनःप्रक्षेपणातून मालिकेला दुसरा जन्म मिळाला आणि पुढे ऐंशीच्या दशकात ती आपल्या दूरदर्शनवरही आली. चाहत्यांनी वाचवलं ते एक वर्ष. त्या वर्षाने पुढची पन्नास वर्षं वाचवली.

आता दुसरा धागा, संगणकाचा. १९६२ साली एमआयटीत स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या सोबत्यांनी पीडीपी-१ या यंत्रावर 'स्पेसवॉर' नावाचा खेळ रचला. दोन अंतराळयानं, मध्ये एक तारा आणि त्याचं गुरुत्वाकर्षण. ही मुलं ई. ई. स्मिथ यांच्या अंतराळकथांची वेडी होती. म्हणजे चाहत्याचं मत इथे पत्रातून आलं नाही, ते आज्ञावलीतून आलं. पुढे एकाने त्यात खऱ्या आकाशातले तारे भरले, दुसऱ्याने गुरुत्वाकर्षण घातलं. 'हे असं असायला हवं होतं' असं वाटलं की टीका लिहायची नाही, तर ते करून ठेवायचं. खेळ कुणी विकला नाही. ज्याला हवा त्याने नक्कल घेतली. यंत्र तपासायला तो इतका सोयीचा निघाला की बनवणारी कंपनीच तो चाचणीसाठी वापरू लागली.

१९७१ मध्ये माइक मेफील्ड या कॅलिफोर्नियातल्या शाळकरी मुलाने बेसिक भाषेत स्टार ट्रेकवरचा खेळ लिहिला. पडदा नाहीच, टेलिटाइपच्या कागदावर आठ बाय आठ चौकटींचं आकाश छापून यायचं आणि त्यात क्लिंगॉनांची जहाजं शोधायची. डेव्हिड अल यांनी १९७३ मध्ये बेसिकमधल्या १०१ खेळांचं पुस्तक काढलं, त्यातही तो होता. अनेकांनी तो अक्षरन् अक्षर आपल्या हाताने टंकून घेतला, आणि टंकताना प्रोग्रॅमिंग शिकले. गोष्टीवरचं प्रेम असं हातातलं कौशल्य झालं.

तिसरा प्रसंग १९७६ चा. नासाच्या पहिल्या शटलला 'कॉन्स्टिट्यूशन' हे नाव द्यायचं घाटत होतं. चाहत्यांनी पुन्हा पत्रांचा पाऊस पाडला. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी कल दिला आणि यानाचं नाव 'एंटरप्राइझ' ठरलं. १७ सप्टेंबरला पामडेल इथे ते बाहेर आणलं, तेव्हा मालिकेतले कलाकार समोर उभे होते. गंमत अशी की हे यान अंतराळात कधी गेलंच नाही! १९७७ मध्ये उतरण्याच्या चाचण्यांसाठी ते वापरलं. नाव मिळालं, उड्डाण नाही. मताच्या सत्तेची मर्यादा यापेक्षा नेमकी कोण दाखवणार?

आणि आता २०१२ ला येऊ. 'मास इफेक्ट' ही बायोवेअर कंपनीची अंतराळकथा तीन खेळांत पसरलेली. खेळणाऱ्याने घेतलेले निर्णय एका खेळातून पुढच्यात जायचे. मार्चमध्ये तिसरा भाग आला आणि चाहते खवळले. इतक्या निर्णयांनंतर शेवट मात्र जवळपास सारखेच! त्यांनी आजारी मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेकरता ८०,००० डॉलरवर निधी जमवला आणि त्यातून आपला निषेध नोंदवला. जूनमध्ये कंपनीने विस्तारित शेवट फुकट दिला. शेवट बदलला नाही, उलगडून सांगितला.

इथे थांबून दोन्ही मागण्या शेजारी ठेवा. १९६८ चे चाहते म्हणत होते, 'थांबवू नका.' २०१२ चे म्हणत होते, 'हे असं संपवू नका.' पहिली मागणी रसिकाची आहे. दुसरीत रसिक लेखकाच्या खुर्चीला हात लावतो. आमच्या मते ती अन्याय्य नव्हती, कारण 'तुमच्या निर्णयाने गोष्ट घडेल' हे वचन कंपनीनेच दिलं होतं. पण कादंबरीच्या वाचकाला हा हक्क आपण देऊ का? ज्याने गोष्ट घडवायला हात लावला, त्याचा शेवटावर काही अधिकार पोचतो. ज्याने फक्त तिकीट काढलं, त्याचा तेवढा नाही.

आपल्या संगीत नाटकातला 'वन्स मोअर' आठवा. प्रेक्षक पद पुन्हा मागायचे आणि नट ते पुन्हा गायचा. पण नाटकाचा शेवट बदला असं कुणी ओरडलं नाही. रसिकाला आपली जागा ठाऊक होती, आणि त्या जागेची ताकदही.

कांट सांगतो की 'मला आवडतं' आणि 'हे सुंदर आहे' ही दोन वेगळी विधानं आहेत. दुसऱ्यात आपण इतरांच्याही संमतीची अपेक्षा धरतो. चाहत्याचं मत या दुसऱ्या जातीचं असतं, म्हणून तर तो इतका भांडतो. आमचं म्हणणं त्यात एवढीच भर घालतं, की ही अपेक्षा फुकट धरता येत नाही. कागद, तिकीट, संध्याकाळ, रात्रभराचं टंकलेखन असं काहीतरी पदरचं खर्चावं लागतं. १,१६,००० पत्रांचं वजन आकड्यात नव्हतं, ते त्या खर्चात होतं.

आज बोटाच्या एका स्पर्शाने मत नोंदलं जातं आणि पुढच्या क्षणी मोजलं जातं. नील्सनच्या त्या निवडक घरांपेक्षा आता कितीतरी अधिक घरं मोजली जातात; तरी आस्था मोजायचं साधन अजून निघालेलं नाही. ते आपल्याकडेच आहे. एखादी गोष्ट मनापासून आवडली किंवा खटकली, तर तिच्यासाठी आपण काय करायला तयार आहोत, हे आधी स्वतःला विचारावं. उत्तर 'काहीच नाही' असेल, तर प्लेटोची ती खालची पायरी आपल्याला योग्यच आहे.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.