क्षमाबाईंची लीला आणि टेनिसची शिडी

संस्कृत कवयित्री पंडिता क्षमाबाई राव स्वतः टेनिस खेळत. त्यांची लेक लीला १९३४ साली विंबल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. पण तेव्हा तिथला खेळ हौशी. जिंकूनही पैसा नाही. १९७० साली ह्यूस्टनला नऊ जणींनी एकेका डॉलरवर करार केले, १९७३ मध्ये बायकांची संघटना झाली, आणि शिडी बांधली गेली. आज चार महास्पर्धांत विजेतीला २००० गुण. त्याखाली १०००, ५००, २५०, १२५. अगदी तळाशी १५. मला, शाळामास्तराला, ही तळाचीच पायरी मोलाची वाटते. २०१७ साली मुंबईतली लहानशी स्पर्धा जिंकणारी सबालेंका २०२३ मध्ये जगात पहिली आली! आमच्या नाशिकच्या पोरीला मात्र त्या पंधरा गुणांसाठीही आधी गाडीभाडे जमवावे लागते.