औष्णिक निषिद्ध परावर्तने

अणूंच्या कंपनांमुळे क्ष-किरणांच्या अनुस्पंदी प्रकीर्णनात दिसणारी स्फटिक-परावर्तने. सममितीच्या नियमांनुसार त्यांची तीव्रता शून्य असायला हवी. किरणांची ऊर्जा स्फटिकातील एखाद्या मूलद्रव्याच्या शोषण-सीमेजवळ आणली की ती उमटतात.

एरवी स्फटिक तापला की ब्रॅग परावर्तने मंदावतात. डिबाय (१९१३) व वॉलर (१९२३) यांच्या नावाचा घटक हीच घट मोजतो. येथे उलट घडते, आणि विषयाचे खरे आकर्षण त्यातच आहे.

जर्मेनियम : सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण. ००६ परावर्तन मळसूत्री अक्षामुळे निषिद्ध आहे. जर्मेनियमच्या दोन उपजालकांतील अणूंभोवती शेजाऱ्यांचे चतुष्फलक परस्परांच्या उलट बसलेले असतात व त्यांच्याकडून येणाऱ्या लहरी एकमेकींना पुसून टाकतात. के-सीमेजवळ, सुमारे ११.१ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला, हे परावर्तन दिसते. टेम्पलटन दांपत्याने १९९४ मध्ये त्याचा संबंध द्विध्रुवी-चतुर्ध्रुवी संक्रमणांच्या मिश्रणाशी जोडला. पुढे कोकुबुन व सहकारी (२००१) आणि किर्फेल व द्मित्रियेंको यांच्या मापनांत तापमानाबरोबर तीव्रता वाढत गेलेली आढळली. निव्वळ स्थिर जालकावरून हे समजत नाही. म्हणून द्विध्रुवी-चतुर्ध्रुवी वाट्याखेरीज कंपनांचाही वाटा धरावा लागतो. हे दोन्ही वाटे परस्परांत व्यतिकरण करत असल्याने त्यांचे प्रमाण हिशेबाच्या प्रतिकृतीवर बरेच अवलंबून राहते.

यंत्रणा : अनुस्पंदी प्रकीर्णनात इलेक्ट्रॉन वर गेल्याने अणूच्या आतल्या कवचात पडणारी पोकळी एका फेम्टोसेकंदाहूनही कमी टिकते, कंपनाचा आवर्तकाल १०० फेम्टोसेकंदांच्या पुढचा. त्यामुळे किरणाच्या लेखी अणू सरकलेल्या जागी थबकलेलाच असतो. सरकलेल्या अणूभोवतीची सममिती ढळते आणि त्याचे प्रकीर्णन दिशासापेक्ष होते. सरक उलटी झाली की हा बदलही उलटतो, पण लहरीची कलाही सरकेनुसारच बदलत असते. दोहोंचा गुणाकार सरासरीत शून्य होत नाही. तो विस्थापनाच्या वर्गाच्या प्रमाणात उरतो व दोन उपजालकांवर विरुद्ध चिन्हाचा असल्याने ००६ मध्ये बेरीज होते. शून्यबिंदू कंपनांमुळे अतिशीत स्फटिकातही हा वाटा पूर्ण नाहीसा होत नाही.

मापन : मुख्य अडचण बहुप्रकीर्णनाची. दोन अनुमत परावर्तने एकापाठोपाठ घडली की किरण नेमका निषिद्ध दिशेने निघतो आणि खऱ्या संकेताला सहज झाकून टाकतो. यासाठी स्फटिक प्रकीर्णन-सदिशाभोवती फिरवून दोन शिखरांमधली स्वच्छ जागा शोधतात. तापवल्यावर जालक प्रसरण पावतो, शिखरे सरकतात आणि आधीची जागा भरवशाची राहत नाही; दर तापमानाला ती पुन्हा तपासावी लागते. तापमानावलंबनाचे आलेख वाचताना ही तपासणी झाली आहे का, ते आधी पाहावे.

इतर स्फटिक : झिंक ऑक्साइडचे ११५ परावर्तन (कॉलिन्स व सहकारी, २००३).

उपयोग : डिबाय-वॉलर घटकातून एकेका अणूचेच विस्थापन कळते. औष्णिक परावर्तन अणू शेजाऱ्यांच्या तुलनेत किती सरकला यावर ठरते, त्यामुळे शेजारी अणूंच्या कंपनांतील सहसंबंधही त्यातून काढता येतो.