यादीत चौदा, प्रिंटमध्ये तेरा

साइटवरून सुपरवायझरचा फोन आला. "मॅडम, सळयांच्या यादीत १४ बीम आहेत, प्रिंटमध्ये फिटर १३च मोजतोय. उद्या सकाळी कॉलम भरायचेत. काय करू?"

मी तेव्हा एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे नवीन होते. मॉडेल माझंच. थ्रीडीत पाहिलं तर चौदावा बीम जागेवर होता, जिन्याच्या मधल्या लँडिंगखाली. प्लॅन उघडला की गायब. लपवलेल्या गोष्टी दाखवणारा बल्ब दाबला, तरी काही उजळलं नाही. कॉलम तसेच भरले असते तर नंतर ते ड्रिल करून, केमिकल भरून सळया बसवाव्या लागल्या असत्या.

गंमत अशी, की संगणकाला लपवणं मुश्किलीने शिकवावं लागलं होतं. १९६३ साली एमआयटीत आयव्हन सदरलँडने 'स्केचपॅड' केलं. पडद्यावर लाइट पेनने थेट रेघा काढता येऊ लागल्या. पण संगणकासाठी ठोकळा म्हणजे नुसता रेघांचा सांगाडा. त्याच्या १२ कडांपैकी मागच्या ३ झाकायच्या, हे त्याला कुठून कळणार? त्याच वर्षी एमआयटीतच लॉरेन्स रॉबर्ट्सने आपल्या प्रबंधात त्याची रीत मांडली. १९७४मध्ये सदरलँड आणि सहकाऱ्यांनी अशा दहा रीतींची तुलना करणारा निबंध लिहिला.

कागदावर हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटला होता. डोक्यावरचा बीम ड्राफ्ट्समन तुटक रेघेने काढायचा. दिसत नसलेली वस्तूही कागदावर असायची, कारण तिची आठवण माणसाला होती.

१९७५मध्ये चार्ल्स ईस्टमन यांनी वेगळीच कल्पना मांडली: इमारत संगणकात एकदाच साठवायची आणि प्लॅन, सेक्शन, याद्या सगळं त्यातून काढायचं. २०००मध्ये आलेलं रेव्हिट याच वाटेवरचं. आता प्लॅन कुणी काढत नाही; तो मॉडेलकडे टाकलेला एक कटाक्ष असतो. कटाक्ष कुठून टाकायचा, हे सेटिंग ठरवतं.

माझा घोटाळा तिथेच होता. प्लॅन म्हणजे मजल्यापासून १२०० मिलीमीटरवर घेतलेला आडवा काप. तिथून खाली पाहायचं. मजल्याची उंची ३३०० होती, लँडिंग १६५० वर, बीम ३८० खोल. म्हणजे त्याचा तळ १२७० वर. कापाच्या फक्त ७० मिलीमीटर वर! वरच्या मजल्याच्या प्लॅनची नजर तितकी खाली पोचत नव्हती. दोन मजल्यांच्या मधे तो हरवला होता. त्याला कुणी लपवलंच नव्हतं, मग बल्ब काय दाखवणार? यादीला मात्र कापाशी देणंघेणं नसतं. ती मॉडेलमधलं सगळं मोजते.

जिन्यापुरती कापाची पातळी वर नेली, रात्रीच नवी प्रिंट पाठवली.

तेव्हापासून क्रम ठरलाय. काही दिसलं नाही की आधी थ्रीडी आणि यादी. तिथे असेल, तर बल्ब. बल्बही गप्प असेल, तर कापाची उंची, फेज आणि वर्कसेट. घाईघाईने तीच वस्तू पुन्हा काढायची नाही, नाहीतर एका जागी दोन बीम होतात.

आणि प्रिंट पाठवण्याआधी मी बोटाने बीम मोजते. त्या फिटरने मोजले होते तसे.