मांडवातला धवला

स्मरणिकेसाठी "आपल्या परिसरातील लोकगीते व नृत्य" या विषयावर मी लिहावे असे कार्यकारिणीने ठरविले, तेव्हा मला प्रथम आठवला तो आपल्या मंडळाचा एक जुना वर्धापनदिन. भगिनींनो, तुमच्यापैकी ज्या त्या दिवशी रंगमंचावर होत्या त्यांना तो प्रसंग आठवून अजूनही हसू येईल. मला मात्र थोडी लाजच वाटते.

त्या वर्षी आपण कोळीनृत्य बसविले होते. भाड्याच्या दुकानातून लुगडी आणली, टोपल्यांत कागदाचे मासे ठेवले, आणि नाच छान झाला. टाळ्या थांबल्यावर गावठाणातून पाहायला आलेल्या एक आजी माझ्याजवळ आल्या. माझ्या हातातल्या टोपलीकडे पाहून म्हणाल्या, "बाय, नाच चांगला केलास. पन आमी कोली नाय, आगरी. आमचा जल्म मिठान गेला."

मी १९८१ साली साताऱ्याहून लग्न होऊन वाशीला आले. गावठाण आमच्या इमारतीपासून पाच मिनिटांच्या वाटेवर. तरी आगरी कोण आणि कोळी कोण, हे मला इतकी वर्षे ठाऊक नव्हते. कोळी समुद्रात आणि खाडीत जाळे टाकणारे. आगरी हे मुख्यतः आगराचे, म्हणजे मिठागराचे आणि भातशेतीचे लोक. खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध घालायचे, उघाडीची राखण करायची, पावसाळ्यात भात पिकवायचे आणि पाऊस सरला की मिठाच्या कोंड्यांत राबायचे. त्या कामात बायका पुरुषांच्या बरोबरीने असत. डोईवर मिठाच्या पाट्या वाहून ज्यांचे केस झडले अशा बायका मी पुढे पाहिल्या.

आजींची ओळख वाढली तशी त्यांच्या गाण्याचीही वाढली. त्यांना धवला येत असे. आगरी लग्नातला धवला म्हणजे नुसते करमणुकीचे गाणे नव्हे. तो म्हणणारी बाई ती धवलारीण. हळद दळण्यापासून नवरा-नवरीच्या न्हाणापर्यंत प्रत्येक विधीचा धवला निराळा. वाद्य नाही. धवलारीण ओळ उचलते, बायका ती झेलतात, आणि हळद, तांदूळ, जाते, उंबराची डहाळी, गावदेवी, सगळ्यांना नावे घेऊन मांडवात बोलावले जाते. पूर्वी कित्येक घरांत लग्न लावण्याचा मान तिचाच असे. ठाणे-पालघरकडच्या वारली समाजातही धवलेरी हीच लग्न लावते. लग्न लावणारी बाई ही गोष्ट आपल्याला नवी वाटते, पण आपल्या दाराशी ती जुनीच होती.

आणि किती जुनी! शाळेत आपण महदंबेचे नाव ऐकलेले असते. तेराव्या शतकात ऋद्धिपूर येथे श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहाचा सोहळा भक्तांनी मांडला, तेव्हा महदंबेने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावर धवळे गाइले. मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिला मान मिळतो तो याच धवळ्यांमुळे. आगरी तोंडी "ळ"चा "ल" होतो, तेव्हा धवळा आणि धवला हा एकच शब्द आहे हे सांगायला पंडित लागत नाही. हे मी आजींना सांगितले. त्यांना नवल वाटले नाही. "मंग? लगीन तवाबी व्हईतच असतील," एवढेच म्हणाल्या.

आता शहराची गोष्ट. मुंबईचा भार खाडीपलीकडे न्यावा ही कल्पना १९६५ साली चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता या तिघांनी मांडली. (त्यात एक स्त्री होती हे आपण लक्षात ठेवू या.) १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, ठाणे, पनवेल आणि उरण भागातील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरली. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल वाहता झाला. आम्हांला स्वस्त आणि हवेशीर घर मिळाले. ते ज्या जमिनीवर उभे राहिले ती कोणाची होती, हे आम्ही विचारले नाही. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जो लढा झाला त्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात गोळीबार होऊन पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली.

माझ्या मते "आगरी-कोळी" हा जोडशब्द आज एका दमात उच्चारला जातो त्याचे मूळही बरेचसे इथेच आहे. मिठागर गेले, शेत गेले, खाडीतली मासळी आटली. धंद्यावरून वेगळे ओळखले जाणारे लोक "प्रकल्पग्रस्त" या एकाच सरकारी नावाखाली आले. मग आपण कोण, हे सांगायला उरले काय? बोली, देवी एकवीरा आणि गाणे. आणि गाण्यांतही जे सगळ्या महाराष्ट्राला ओळखीचे होते ते कोळीगीत. शाहीर साबळे यांच्या 'महाराष्ट्राची लोकधारा'ने कोळीनृत्य गावोगावच्या रंगमंचावर नेले. वेसावकर मंडळींच्या कॅसेटी घरोघरी वाजल्या. लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांनी गाइलेले 'मी डोलकर' तर प्रत्येकीला पाठ आहे. ते शान्ता शेळके यांनी लिहिले आणि हृदयनाथ मंगेशकर यांनी त्याला चाल दिली. दोघेही कोळी नव्हेत, पण ते गाणे कोळीवाड्यातही मानाने वाजते. तेव्हा खरे-खोटे ठरवण्याच्या फंदात मी पडत नाही.

शिवाय आमची मंगळागौर तरी कुठे तशी राहिली? माझ्या माहेरी ती रात्रभर चालायची आणि पुरुषांना माजघरात यायची बंदी असायची. आता मंगळागौरीच्या स्पर्धा होतात, एका रंगाच्या नऊवारी असतात, परीक्षक गुण देतात. मीही दोनदा परीक्षक होते! मूळ गावापासून दूर आलेल्या आम्हां बायकांना "आम्ही अमक्या मुलखाच्या" हे सांगायला तेवढाच आधार उरला होता. गावठाणातल्या बायका मात्र कुठे गेल्या नाहीत, त्यांचा गावच त्यांच्या पायाखालून गेला.

धवल्याला मात्र रंगमंच सापडला नाही. त्याला ठेका नाही, नाच नाही, आणि तो घाईने म्हणता येत नाही. हळदीच्या मांडवात आता आधी बेंजो, मग डीजे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, म्हणून दहापर्यंतचा प्रत्येक क्षण त्यालाच हवा असतो. एकेका हळदीवर लोक कर्ज काढून खर्च करतात. हे मला पटत नाही, आणि गावठाणातल्या आपल्या सभासद भगिनींनाही पटत नाही. त्या माझ्याहून स्पष्ट बोलतात.

म्हणून दोन वर्षांपूर्वी मी आजींकडे वही घेऊन गेले. धवले सांगा, मी लिहून घेते. त्यांनी साफ नाही म्हटले. मांडव नाही, हळद नाही, उगाच देवांना बोलवायचे आणि पाटावर बसवायला कोणी नाही, हे त्यांना अशुभ वाटले. मी हिरमुसले, पण त्यांचे म्हणणे मला समजले.

मागच्या वैशाखात त्यांच्या नातीचे लग्न होते. मुलगी अभियंता, ऐरोलीला नोकरी करते. हळदीला बाहेर डीजे लागला होता, आणि आजी आतल्या खोलीत चार बायकांना घेऊन धवला म्हणू लागल्या. आवाज भिंतीपलीकडे जात नव्हता. नवरी हळदीच्या अंगानेच बाहेर गेली आणि भावाला काहीतरी बोलली. डीजे थांबला. तरुण मुले जरा कुरकुरली. मग आजींना मांडवात आणून बसविले. सुमारे पाऊण तास त्या म्हणत होत्या. पहिल्या दोन ओळी झेलायला चौघीच होत्या, हळूहळू म्हाताऱ्या बायका कोपऱ्यांतून उठून आल्या. नातीला एकही ओळ येत नव्हती. ती फोन समोर धरून बसली होती. मी वहीत लिहीत होते आणि निम्मे सुटत होते.

तो धवला आता नातीच्या फोनमध्ये आहे आणि अर्धामुर्धा माझ्या वहीत. सुटलेल्या जागा आजी स्वतः भरून देत आहेत, कारण आता तो मांडवात म्हणून झालेला आहे. पण स्मरणिकेत छापू का, असे विचारले तेव्हा त्यांनी मान हलविली. म्हणून या लेखात त्यातली एकही ओळ तुम्हांला सापडणार नाही. ज्यांना ऐकायचा असेल त्यांनी मार्गशीर्षात आजींच्या धाकट्या नातवाच्या हळदीला यावे. आमंत्रण सगळ्या मंडळाला आहे, आणि आजींनी सांगितले आहे की येणाऱ्यांनी ओळ झेलायची, नुसते बसायचे नाही.